कांद्याच्या चाळीतली उत्क्रांती

नाशिक जिल्ह्यातील निफाड, येवला, चांदवड, सिन्नर, दिंडोरी आणि बागलाण या तालुक्यांत कांद्याविषयी जे बोलले जाते ते बहुधा भावाच्या, निर्यातीच्या आणि अवकाळी पावसाच्या अंगाने, आणि ते स्वाभाविकही आहे, कारण लासलगावच्या बाजार समितीत पुकारल्या जाणाऱ्या दरावर हजारो घरांचा वर्षभराचा जमाखर्च ठरत असतो. परंतु याच कांद्याकडे जीवशास्त्राच्या अंगाने पाहिले तर पेशीविभाजन, आनुवंशिकता आणि उत्क्रांती हे सजीवसृष्टीचे तीन मूलभूत सिद्धांत त्यात एका जागी आणि उघड्या डोळ्यांनी पाहता येण्याजोग्या रूपात सापडतात. शाळेच्या अभ्यासक्रमात हे विषय वेगवेगळ्या धड्यांत विभागलेले असल्यामुळे विद्यार्थ्यांच्या मनातही ते सुटे राहतात. पेशीविभाजन म्हणजे आकृती काढून नावे देण्याचा प्रश्न, आनुवंशिकता म्हणजे मेंडेलचे वाटाणे, आणि उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वी कोठेतरी घडून संपलेली गोष्ट, असा समज पक्का होतो. वस्तुतः हे तिन्ही एकाच व्यवहाराचे तीन टप्पे आहेत. पेशी स्वतःची नक्कल करते, फूल त्या नकलांची सरमिसळ करते आणि परिस्थिती त्यांतल्या काहींना पुढे जाऊ देते. नाशिकच्या कांद्याच्या बाबतीत या परिस्थितीचे नाव पुष्कळदा ‘चाळ’, म्हणजे कांदे साठवण्याची हवेशीर जागा, असे असते.

मुळाच्या टोकाशी

पाण्याने भरलेल्या काचेच्या बरणीच्या तोंडावर कांदा असा ठेवला की त्याचा फक्त तळ पाण्याला टेकेल, तर दोन-तीन दिवसांत त्याला पांढरीशुभ्र मुळे फुटतात. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या केला जाणारा प्रयोग येथूनच सुरू होतो. मुळाचे अगदी टोकाचे दोन-तीन मिलिमीटर कापून घेतले जातात, अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात ठेवून त्यांतील पेशी आहे त्या स्थितीत स्थिर केल्या जातात, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात किंचित गरम करून पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारा थर सैल केला जातो, आणि ॲसिटोकार्माइनच्या लाल रंगात बुडवून ते टोक काचपट्टीवर ठेवून अंगठ्याने हलकेच दाबले जाते. सूक्ष्मदर्शकाखाली मग विटांच्या भिंतीसारख्या रांगेने बसलेल्या चौकोनी पेशी दिसू लागतात. बहुतेक पेशींत गुलाबी रंगाचा एकच गोल ठिपका असतो, आणि मधूनच एखाद्या पेशीत त्या ठिपक्याऐवजी गडद लाल दोऱ्यांचा गुंता, किंवा मध्यभागी रांगेत बसलेल्या जाड रेघा, किंवा एकमेकांपासून दूर सरकणारे दोन पुंजके दिसतात.

हा गोल ठिपका म्हणजे पेशीचे केंद्रक, आणि ते दोरे म्हणजे गुणसूत्रे. कांद्याच्या प्रत्येक सामान्य पेशीत १६ गुणसूत्रे असतात, म्हणजे ८ जोड्या. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र मातृफुलाकडून आणि दुसरे परागकणाकडून आलेले असते. गुणसूत्र हा डीएनए या अतिशय लांब रेणूचा, प्रथिनांभोवती गुंडाळून आवळलेला धागा असतो, आणि त्या धाग्यावर चार रासायनिक अक्षरांच्या क्रमाने सजीवाच्या घडणीची माहिती साठवलेली असते. या माहितीचा, एखादे ठरावीक काम नेमून दिलेला, स्वतंत्र तुकडा म्हणजे जनुक. कांद्याच्या एकेरी गुणसूत्रसंचात सुमारे १६ अब्ज अक्षरजोड्या असतात, तर माणसाच्या संचात सुमारे ३ अब्ज. त्यामुळे कांद्याच्या एका पेशीतील सगळा डीएनए सरळ ताणला तर त्याची लांबी सुमारे ११ मीटर भरेल. इतका डीएनए अवघ्या १६ गुणसूत्रांत आवळलेला असल्यामुळे ती ठळक आणि मोठी दिसतात, आणि याच कारणाने जगभरच्या प्रयोगशाळांनी पेशीविभाजन शिकवण्यासाठी कांद्याचे मूळ निवडले.

मुळाच्या टोकाशी जे विभाजन चालते त्याला सूत्री विभाजन म्हणतात. विभाजनापूर्वी केंद्रकातील डीएनएची संपूर्ण नक्कल तयार होते, म्हणजे ११ मीटरचा धागा २२ मीटर होतो, आणि प्रत्येक गुणसूत्र मध्यभागी जोडलेल्या दोन सारख्या अर्धगुणसूत्रांचे बनते. पूर्वावस्थेत हे धागे आवळून जाड होतात आणि केंद्रकाचे आवरण विरघळते. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रे पेशीच्या मध्यरेषेवर येऊन उभी राहतात आणि दोन्ही ध्रुवांकडून आलेले तर्कुतंतू त्यांना धरतात. पश्चावस्थेत जुळी अर्धगुणसूत्रे एकमेकांपासून सुटून विरुद्ध ध्रुवांकडे ओढली जातात. आणि अंत्यावस्थेत दोन्हीकडे नवी केंद्रके तयार होऊन मधोमध नवी पेशीभित्तिका उभी राहते. जर्मन शास्त्रज्ञ वॉल्टर फ्लेमिंग यांनी १८८२ मध्ये सॅलॅमँडर या उभयचर प्राण्याच्या पेशींचे निरीक्षण करून या क्रमाचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले, आणि प्राण्यात दिसलेला तोच क्रम वनस्पतीतही दिसतो ही गोष्ट दोघांच्या समान वंशाकडे बोट दाखवते.

या सगळ्या खटाटोपाचे प्रयोजन एकच असते, ते म्हणजे दोन्ही नव्या पेशींना मूळ पेशीइतकीच आणि तीच माहिती मिळावी. अंदाजाने दोन वाटे केले असते तर एखादे गुणसूत्र एकीकडे जास्त आणि दुसरीकडे कमी पडले असते. आधी नक्कल, मग मध्यरेषेवर हजेरी आणि त्यानंतरच वाटणी, या शिस्तीमुळे तशी चूक क्वचितच घडते.

थांबवलेले विभाजन

कांद्याचा जो भाग स्वयंपाकघरात चिरला जातो तो म्हणजे पानांचे मांसल झालेले बुडखे. त्यांतील पेशी पूर्ण वाढलेल्या असतात आणि त्या पुन्हा विभागत नाहीत. परंतु कांद्याच्या पोटात, तळाच्या चकतीवर, एक किंवा अधिक कोंब झोपलेले असतात आणि त्यांच्या टोकाच्या पेशींनी विभागण्याची क्षमता राखून ठेवलेली असते. काढणीनंतर काही आठवडे ते कोंब सुप्तावस्थेत राहतात. पुढे पावसाळ्यातील ओलावा आणि नंतर उतरलेले तापमान मिळाले की त्यांच्या पेशी विभागू लागतात, चाळीतल्या कांद्याला मोड येतात आणि मांसल पाकळ्यांतील साठा त्या मोडांच्या वाढीसाठी खर्ची पडतो.

भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ मध्ये लासलगाव येथे सुरू केलेले ‘कृषक’, म्हणजे कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, नेमक्या या ठिकाणी हस्तक्षेप करते. तेथे कोबाल्ट-६० या समस्थानिकातून निघणाऱ्या गॅमा किरणांची सुमारे ६० ते ९० ग्रे इतकी अल्प मात्रा कांद्याला दिली जाते. या किरणांमुळे पेशींतील डीएनए जागोजागी तुटतो. ज्या पेशींना पुढे विभागायचेच नाही त्यांचे काम त्यावाचून फारसे अडत नाही, परंतु कोंबाच्या टोकावरील पेशींना विभागण्यासाठी संपूर्ण डीएनएची बिनचूक नक्कल करावी लागते, आणि तीच आता शक्य नसल्यामुळे त्यांचे विभाजन थांबते व मोड येत नाहीत. कांदा किरणोत्सारी होत नाही, कारण या किरणांची ऊर्जा त्यातील अणूंना किरणोत्सारी करण्याइतकी नसते. ही प्रक्रिया काढणीनंतर लवकर, कोंब सुप्तावस्थेत असतानाच करावी लागते, कारण एकदा आतला कोंब वाढू लागला की त्यानंतर थांबवलेला कोंब आत काळसर पडतो. असा कांदा खाण्यास योग्य असतो, पण बियाण्यासाठी निरुपयोगी. विभाजन थांबले की पुढची पिढीही थांबते, हे इतक्या स्पष्टपणे दाखवणारे दुसरे उदाहरण शेतीत क्वचितच मिळेल.

गोंड्यातली सरमिसळ

सूत्री विभाजनातून सारख्यातून सारखेच निघते. कांद्याचा सख्खा नातलग असलेला लसूण बहुतेक ठिकाणी केवळ याच मार्गाने वाढवला जातो. लसणाच्या लागवडीखालील बहुतेक वाणांना बी धरत नाही. पाकळी लावायची आणि गड्डा काढायचा असा त्याचा क्रम असल्यामुळे एका वाणाची सगळी झाडे जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखी राहतात, आणि त्यांत फरक पडलाच तर तो नकलेतील एखाद्या चुकीमुळे पडतो. कांद्याचे तसे नाही. कांदा बियांपासून येतो आणि बी फुलातून येते, आणि फुलात पेशीविभाजनाचा दुसरा प्रकार घडतो.

मातृकांदा कार्तिकाच्या सुमारास जमिनीत लावला की थंडीत त्याला पोकळ दांडे फुटतात आणि प्रत्येक दांड्याच्या टोकाला शेकडो लहान पांढऱ्या फुलांचा गोंडा येतो. त्या फुलांच्या परागकोशांत आणि बीजांडांत अर्धगुणसूत्री विभाजन होते. येथेही आधी डीएनएची नक्कल होते, पण त्यानंतर विभाजन एकदा न होता लागोपाठ दोनदा होते. पहिल्या विभाजनात जोडीतील दोन गुणसूत्रे, म्हणजे आईकडचे आणि बापाकडचे, शेजारीशेजारी येऊन बिलगतात, आपले काही तुकडे परस्परांत बदलून घेतात आणि मग विरुद्ध बाजूंना जातात. दुसऱ्या विभाजनात अर्धगुणसूत्रे वेगळी होतात. शेवटी तयार झालेल्या प्रत्येक पेशीत १६ ऐवजी ८ गुणसूत्रे उरतात. परागकणातील ८ आणि बीजांडातील ८ एकत्र आले की नव्या रोपात पुन्हा १६ होतात, आणि त्यामुळे जातीची गुणसूत्रसंख्या पिढ्यान्‌पिढ्या कायम राहते.

आठ जोड्यांपैकी प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या पेशीत जाईल हे निव्वळ योगायोगावर ठरते. प्रत्येक जोडीला दोन पर्याय म्हणजे आठ जोड्यांना २५६ पर्याय. एका झाडाचे २५६ प्रकारचे परागकण दुसऱ्याच्या तितक्याच प्रकारच्या बीजांडांशी जुळले तर ६५,५३६ जुळण्या संभवतात, आणि तुकड्यांच्या अदलाबदलीचा हिशेब यात धरलेलाच नाही. शिवाय कांद्याच्या एकाच फुलात परागकण आधी बाहेर पडतात आणि त्याच फुलाचा कुक्षीभाग नंतर तयार होतो, त्यामुळे ते फूल स्वतःच्या परागाने फळत नाही. मधमाश्या एका गोंड्यावरून दुसऱ्यावर पराग नेतात, आणि म्हणूनच दोन वाणांच्या बीजोत्पादनाच्या प्लॉटांमध्ये एक ते दीड किलोमीटर अंतर राखण्याचा सल्ला शेतकऱ्यांना दिला जातो. ‘खाण तशी माती’ ही म्हण आनुवंशिकतेचे अर्धे सत्य सांगते. उरलेले अर्धे सत्य असे की एकाच खाणीतून निघालेल्या मातीचे दोन कण या सरमिसळीमुळे कधीच अगदी सारखे नसतात.

लाल शेतातला पांढरा कांदा

लाल कांद्याच्या शेतात काढणीच्या वेळी एखादा पांढराशुभ्र कांदा निघतो, तेव्हा बियाण्यात भेसळ झाली असा निष्कर्ष सहज काढला जातो. भेसळ हे एक कारण असू शकते, पण आनुवंशिकतेच्या नियमांनुसार ते एकमेव कारण नाही. ग्रेगोर मेंडेल यांनी वाटाण्यावरील प्रयोगांतून काढलेले आणि १८६६ मध्ये छापलेले नियम असे सांगतात की प्रत्येक गुणाविषयीचे जनुक जोडीने असते, जोडीतील एक रूप प्रभावी आणि दुसरे अप्रभावी असू शकते, आणि अप्रभावी रूप प्रभावी रूपाच्या सोबत असेपर्यंत झाकलेले राहते. कांद्याचा रंग अनेक जनुकांच्या सहकार्याने ठरतो. त्यांतील एक जनुक रंगद्रव्य तयार करण्याची साखळी चालू ठेवते; त्याची दोन्ही रूपे बिघडलेली असली तर साखळीच तुटते आणि कांदा पांढरा होतो. दोहोंपैकी एक रूप जरी चांगले असले, तरी कांदा लालच दिसतो. असे दोन लाल दिसणारे, पण पोटात एकेक बिघडलेले रूप बाळगणारे कांदे एकमेकांशी फळले, तर त्यांच्या संततीत सरासरीने चारांत एक पांढरा निघतो. कित्येक पिढ्या झाकलेले जनुक असे अचानक उघडे पडते. साखळीतील पुढच्या टप्प्यावरचे एक जनुक निकामी असेल तर लाल रंगद्रव्य तयार होत नाही आणि कांदा पिवळा होतो; म्हणजे लाल, पिवळा आणि पांढरा हे रंग एकाच कारखान्याच्या वेगवेगळ्या जागी पडलेल्या खंडांचे परिणाम आहेत.

मेंडेल यांच्या चौकटीत न बसणारी आनुवंशिकताही कांद्यात सापडते. १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस येथे हेन्री जोन्स यांना ‘इटालियन रेड’ या वाणात असे एक झाड आढळले की ज्याच्या फुलांत कार्यक्षम परागकण तयार होत नव्हते. गोंड्यात आलेल्या लहान कंदिका लावून ते झाड जिवंत ठेवले गेले, म्हणजे केवळ सूत्री विभाजनाच्या आधारावर ते वर्षानुवर्षे जपले गेले. पुढील अभ्यासात दिसले की हा वांझपणा केंद्रकातील जनुकांबरोबरच पेशीद्रव्यावरही अवलंबून आहे. पेशीद्रव्यातील तंतुकणिकांना स्वतःचा थोडासा डीएनए असतो आणि तो परागकणाकडून न येता केवळ मातृफुलाकडून पुढच्या पिढीत जातो. नराकडून वांझ असलेल्या या वंशाचा उपयोग करून संकरित बियाणे मोठ्या प्रमाणावर तयार करणे शक्य झाले, आणि तीच युक्ती पुढे इतर अनेक पिकांत वापरली गेली.

चाळ काय निवडते

वैविध्य आणि आनुवंशिकता या दोन गोष्टी एकत्र आल्या की तिसरी गोष्ट, म्हणजे निवड, अपरिहार्यपणे सुरू होते. उन्हाळ कांदा एप्रिल-मे महिन्यांत काढून, पात सुकवून, हवेशीर चाळीत भरला जातो. त्यानंतर कडक ऊन, मग दमट पावसाळा आणि शेवटी थंडीची चाहूल असे चार-पाच महिने जातात. या काळात काही कांदे सडतात, काहींना मोड येतात, काही वाळून पोकळ होतात. पारंपरिक चाळीत निम्म्यापर्यंत माल घटू शकतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चाळ उपसली की जे घट्ट, निरोगी, मोड न आलेले कांदे उरतात त्यांतूनच बियाण्यासाठी मातृकांदे काढले जातात. जाणता शेतकरी त्यांतूनही मध्यम आकाराचे, एकसारख्या रंगाचे, बारीक मानेचे आणि गोल कांदे वेचतो. लावण्यापूर्वी कांद्याचा वरचा एक तृतीयांश भाग आडवा कापला की आतल्या कड्यांच्या मध्यभागी किती डोळे आहेत हे दिसते. एक डोळा असेल तर सगळी कडी एकाच केंद्राभोवती फिरतात, आणि दोन-तीन असतील तर त्या कड्यांमध्ये स्वतंत्र लहान वर्तुळे दिसतात. जोडकांदा देणारा वंश टाळायचा असेल, तर असे बहुडोळ्यांचे कांदे येथेच बाजूला काढता येतात.

या साध्या कामात उत्क्रांतीच्या तिन्ही अटी पूर्ण होतात. कांद्याकांद्यांत फरक असतो, त्या फरकाचा काही भाग जनुकांतून आलेला असतो, आणि त्या फरकानुसार काहींना संतती होते तर काहींना होत नाही. दरवर्षी टिकाऊ कांद्यांचेच बी धरले तर टिकाऊपणाला साहाय्यक असलेली जनुकरूपे पिढीगणिक वाढत जातात. येथे निवड करणारे दोघे आहेत. अर्धी निवड चाळीतील उकाडा, ओल आणि बुरशी करते आणि उरलेली शेतकऱ्याची नजर करते. चार्ल्स डार्विन यांनी १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’ या ग्रंथाचा पहिलाच अध्याय पाळीव प्राणी आणि लागवडीच्या वनस्पतींमधील वैविध्यावर आहे, कारण माणसाने केलेली निवड समजली की निसर्गात माणसावाचून होणारी निवड समजणे सोपे जाते, हे त्यांनी ओळखले होते.

नाशिकच्या कांद्याचे नामवंत वाण याच मार्गाने तयार झाले आहेत. पिंपळगाव बसवंत येथे १९६० च्या सुमारास कांदा सुधारणेचे पद्धतशीर काम सुरू झाले आणि स्थानिक कांद्यांतून निवड करत खरिपासाठी एन-५३ व रब्बीसाठी एन-२-४-१ हे वाण पुढे आले. एन-२-४-१ हा साठवणुकीत टिकणारा वाण म्हणून ओळखला जातो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या ‘बसवंत-७८०’ या वाणाने पिंपळगावचे नाव स्वतःच्या नावात वागवले. राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानने १९८७ मध्ये ‘ॲग्रिफाउंड डार्क रेड’ आणि पुढे, दिंडोरी भागातील स्थानिक कांद्यातून निवड करून, ‘ॲग्रिफाउंड लाइट रेड’ हा वाण दिला. कांदा व लसणाचे राष्ट्रीय संशोधन केंद्रही १९९४ मध्ये प्रथम नाशिक येथेच स्थापन झाले आणि १९९८ मध्ये ते पुणे जिल्ह्यातील राजगुरुनगरला गेले. या संस्थांनी शास्त्रीय शिस्त आणली, परंतु ज्या कच्च्या मालातून त्यांनी निवड केली तो माल शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेल्या निवडीतून आलेला होता, ही गोष्ट विसरता येत नाही.

निवड मात्र शहाणपणाची असेलच असे नाही. रब्बीच्या उभ्या पिकात थंडीमुळे काही रोपांना अकाली फुलांचे दांडे, म्हणजे डेंगळे, येतात. त्या डेंगळ्यांना आयतेच बी धरते, मातृकांदे सहा महिने जपण्याचा खर्च वाचतो, आणि म्हणून कोणी ते बी गोळा करून पुढच्या वर्षी वापरले तर त्याच्या नकळत निवड उलट दिशेने होते. कांदा पोसण्याआधीच फुलण्याची प्रवृत्ती असलेल्या झाडांना संतती मिळते आणि पुढच्या पिढीत डेंगळे वाढतात. टिकाऊपणाची परीक्षा तर त्या झाडांनी दिलेलीच नसते. येथे एक सूक्ष्म भेद लक्षात ठेवावा लागतो. एखाद्या वर्षी थंडी फार पडल्यामुळे आलेले सगळेच डेंगळे आनुवंशिक नसतात, तसेच लागवडीतील चुकांमुळेही जोडकांदे निघतात. परिस्थितीने घडवलेला फरक पुढच्या पिढीत जात नाही. निवडीचा परिणाम फक्त जनुकांतून आलेल्या फरकावर होतो.

मध्य आशियापासून निफाडपर्यंत

कांद्याच्या लागवडीची सुरुवात मध्य आशियात, इराण, अफगाणिस्तान आणि तुर्कमेनिस्तानच्या डोंगराळ मुलखात, काही हजार वर्षांपूर्वी झाली असे मानले जाते. त्याचा थेट रानटी पूर्वज आज आढळत नाही, परंतु त्या भागातील काही रानटी जाती त्याच्या अगदी जवळच्या आहेत. डोळ्यांत पाणी आणणारा कांद्याचा तिखटपणा हा माणसाच्या निवडीपूर्वीचा वारसा आहे. पाला खाणाऱ्या प्राण्यांपासून आणि किडींपासून बचाव करणारी गंधकयुक्त द्रव्ये ज्या झाडांत अधिक होती ती अधिक वाचली, आणि ही निवड कोणाच्याही हेतूवाचून झाली. याच अर्थाने तिला नैसर्गिक निवड म्हणतात.

कांदा जसजसा दक्षिणेकडे आला तसतशी दिवसाच्या लांबीने त्याची परीक्षा घेतली. कंद धरण्याचा संकेत कांद्याला दिवसाच्या लांबीवरून मिळतो. युरोपातील वाणांना त्यासाठी १४ तासांहून मोठा दिवस लागतो, आणि महाराष्ट्राच्या अक्षांशावर इतका मोठा दिवस कधीच उगवत नाही. ते बी नाशिकला पेरले तर हिरवीगार पात वाढते, पण कांदा पोसत नाही. ११-१२ तासांच्या दिवसातही कंद धरणारी झाडे ज्या ज्या पिढीत निघाली त्यांचेच बी पुढे गेले, आणि त्यातून भारतीय हवामानात येणारे लघुदिवसी कांदे घडले. कोणत्याही कांद्याने महाराष्ट्राशी जुळवून घेण्याचा प्रयत्न केला नाही. आधीपासून असलेल्या फरकांपैकी जे येथे उपयोगी पडले ते उरले. गरज फरक निर्माण करत नाही, ती फक्त फरकांची पारख करते, आणि उत्क्रांतीविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज या एका वाक्यात दूर होतो.

हीच पारख कांद्याच्या शत्रूंचीही होत असते. पातीचा रस शोषणारे फुलकिडे उष्ण हवामानात दोन-तीन आठवड्यांत एक पिढी पूर्ण करतात. एकच कीटकनाशक वारंवार फवारले तर बहुतेक कीड मरते, पण ज्या थोड्या किडींत त्या औषधाला दाद न देणारी जनुकरूपे आधीच असतात त्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच असते. औषधाने कीड ‘सवयीची’ झाली असे म्हटले जाते, परंतु वस्तुतः कोणतीही एक कीड सवयीची होत नाही. औषधाला दाद देणाऱ्या मरतात आणि किडींचा समूह बदलतो. वेगवेगळ्या गटांतील औषधे आलटून पालटून वापरण्याचा कृषी शास्त्रज्ञांचा सल्ला हा उत्क्रांतीच्या सिद्धांताचा थेट व्यावहारिक निष्कर्ष आहे, आणि तो सिद्धांत न समजता दिलेला किंवा घेतलेला सल्ला सहज मोडला जातो.

उत्क्रांती म्हणजे साध्याकडून श्रेष्ठाकडे होणारी चढण आहे, हा दुसरा समजही कांदाच खोडून काढतो. माणसाच्या पाचपट डीएनए असलेला कांदा माणसापेक्षा पाचपट गुंतागुंतीचा नाही. २०२१ मध्ये कांद्याच्या संपूर्ण जनुकसंचाची पहिली मांडणी प्रसिद्ध झाली, तेव्हा त्याचा बहुतांश भाग पुनःपुन्हा येणाऱ्या, स्वतःच्याच प्रती पसरवणाऱ्या तुकड्यांचा असल्याचे दिसून आले. उत्क्रांती नीटनेटका आराखडा आखत नाही. ती जे मारक ठरत नाही ते वागवत राहते.

वर्षभराचे आयुष्य

कांद्याचे बी फार काळ टिकत नाही. महाराष्ट्राच्या उष्ण आणि दमट हवेत साध्या साठवणुकीत त्याची उगवणक्षमता साधारण वर्षभरात खालावते, त्यामुळे धान्यासारखे ते वर्षानुवर्षे कणगीत ठेवता येत नाही. एखाद्या घरातला चांगला वाण टिकवायचा असेल तर मातृकांदे निवडण्याचे, ते लावण्याचे, गोंडे वाळल्यावर झोडपून काळे बी काढण्याचे आणि पुन्हा उळे, म्हणजे रोपांसाठीचे बी, टाकण्याचे चक्र अखंड चालू ठेवावे लागते. मध्ये दोन-तीन वर्षे खंड पडला की पिढ्यांची निवड वाया जाते. बियाणे फार थोड्या कांद्यांपासून धरले तर उपयोगी जनुकरूपे केवळ योगायोगाने गळून पडतात आणि जवळच्या नात्यातील संकरामुळे पिकाचा जोम घटतो, म्हणून निवड काटेकोर हवी, पण तिचा पायाही रुंद हवा.

प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हे सूत्र रुडॉल्फ फिर्को यांनी १८५५ मध्ये मांडले. त्याचा अर्थ कांद्याला लावला तर निफाडच्या वाफ्यात टाकलेल्या प्रत्येक काळ्या बीमागे, मध्य आशियातील रानटी झाडांमधून आणि त्याही पलीकडे पहिल्या पेशीपर्यंत जाणारी, कोठेही न तुटलेली विभाजनांची साखळी उभी असल्याचे ध्यानात येते. त्या साखळीची अलीकडची काही शतके भारतीय शेतकऱ्यांच्या हातांतून गेली आहेत, आणि तिची पुढची कडी दर कार्तिकात, चाळ उपसून कांदे हाताने चाचपून पाहताना, पुन्हा ठरत असते. जीवशास्त्राचा हा धडा शाळेत शिकवताना पुस्तकातील आकृतीबरोबर एक कांदा आडवा कापून मुलांच्या हाती दिला, तर उत्क्रांती दूरच्या काळातली राहणार नाही, आणि त्यांच्यापैकी जी मुले पुढे शेती करतील ती आपल्या चाळीतून मातृकांदे वेचताना नेमके काय करत आहेत हे जाणूनच ते काम करतील.